परगोत्राची पाहुणी

ये गं मालू, अशी जवळ ये. पुण्यात बसलीस म्हणून काय झालं, कागद हातात धरलास की माझ्या मांडीला मांडी लावून बसलीसच. आणि आधी बोलणी खा. डॉक्टरांनी तुला सांगितलं की दोन्ही किडन्या दमल्या, आता दुसऱ्या कुणाची तरी लावून घ्यावी लागेल. तर तू म्हणे ताडकन उठलीस, "परक्याचं मला काही नको" म्हणालीस आणि घरी येऊन फोन बंद करून बसलीस. शहाणीच की! परक्याच्या शेतातला तांदूळ चालतो, परक्या घरचा नवरा चालला, किडनी तेवढी माहेरची पाहिजे?

तुझी आई, माझी धाकटी बहीण, फोनवर रडत होती. मी तिला म्हटलं, रडू नकोस, मी लिहिते तिला. बोलले तर ती ऐकून न ऐकल्यासारखं करील, लिहिलेलं एकदा तरी वाचावं लागेल.

मी लिहिणारी बाई नव्हे. आमचे पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर इकडे आले ते इकडचेच झाले. कुंभकोणच्या या गल्लीत बाहेर तमिळ, आत मराठी. आमची ती जुनी मराठी ऐकून तुम्ही पुण्याची मंडळी तोंडाला पदर लावता, ठाऊक आहे मज. मराठी शाळा मी पाहिली नाही. बाळबोध अक्षरं स्वतःच गिरवली. तेव्हा शब्द चुकला तर पोटात घाल. तुझ्यासारखी आणखी कुणी मशीनला नळ्या लावून पडली असेल, तिलाही हे वाचायला दे. डॉक्टरी पुस्तकातलं मज काही सांगता यायचं नाही. माझ्या पोटात काय झालं तेवढं सांगते.

ज्या दिवशी कळलं

पाय सुजायचे. मी म्हणायची, चपला नव्या आहेत. तोंडाला चव नव्हती, कॉफीसुद्धा पितळ चाटल्यासारखी लागायची. मी म्हणायची, दूधवाल्यानं पाणी घातलं. अंगाला खाज सुटायची, त्याचं खापर साबणावर. माणूस किती हुशार असतं बघ, सगळ्यांवर आळ घेईल, स्वतःच्या अंगावर घेणार नाही.

शेवटी सून उमा मला ओढत घेऊन गेली. माझा मुलगा श्रीनू बँकेतून थेट आला. डॉक्टर तरुण होता. रक्ताचा कागद बघितला आणि श्रीनूशी अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या तमिळमध्ये बोलू लागला. मी मधल्या खुर्चीवर, जणू देवळात कुणी नारळ ठेवून गेला आहे. श्रीनूचं तोंड उतरलं. उमानं माझा हात धरला. मज कुणी काही सांगेना.

मी तमिळमध्ये म्हटलं, "तंबी," म्हणजे बाळा, "किडन्या कुणाच्या?"

तो दचकला. "तुमच्या, अम्मा."

"मग माझ्याकडे बघून बोल."

तेव्हा त्यानं खुर्ची वळवली आणि सगळं सांगितलं. दोन्ही जवळजवळ गेलेल्या, परत यायच्या नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा मशीनवर रक्त धुवायचं, किंवा दुसऱ्याची किडनी. मी किती जगेन विचारलं, तर म्हणाला, "तसं सांगता येत नाही." मी म्हटलं, "मग झालं, मीही मरायचं असं सांगत नाही."

घरी येईपर्यंत हे धीराचं नाटक टिकलं. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. नळ सोडून रडायचं, ही आपल्या बायकांची युक्ती. तूही तेच केलं असशील. कर, पण मग नळ बंद करून बाहेर ये. फोन बंद करून बसू नये.

मशीन

मशीनचं फार सांगत नाही, तू पाहिलंच आहेस. सुई टोचताना मी तिकडे बघायची नाही. छतावरच्या पंख्याला नजर लावायची. सगळ्यांत मोठा छळ पाण्याचा. कावेरीच्या काठची बाई मी, आणि दिवसभराचं पाणी एका लोटीत मोजून! कॉफीचा डबरा, म्हणजे पसरट वाटी, नेहमीचाच असायचा, आत घोटभर कॉफी. बर्फाचा खडा तोंडात धरून बसायची आणि शेजारणीला सांगायची, खडीसाखर आहे.

श्रीनू द्यायला तयार होता. त्याच्या रक्तात साखर निघाली. तुझ्या आईला रक्तदाब. उमा म्हणाली, "माझी घ्या." मी तिच्यावर ओरडले, तुझी लेकरं लहान आहेत, वेडी आहेस का. मग आमचं नाव यादीत लागलं. मेंदू मेलेल्या माणसाचे अवयव त्याच्या घरचे लोक देतात, ती यादी. म्हणजे मी कुणाच्या तरी मरणाची वाट बघत बसले. मालू, हे मनाला फार लागतं. देवापुढे बसलं की काय मागावं कळत नाही. शेवटी मी मागणंच सोडलं. नुसता दिवा लावायची.

कावेरीला पाणी आलं

फोन दुपारी आला. मी चिंचेतले चिंचोके काढत होते. तशाच चिकट हातांनी गाडीत बसले आणि तंजावर ओलांडून तिरुचीच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचले. कुणाची किडनी ते सांगत नाहीत, नियमच आहे. एवढंच कळलं की तरुण माणूस होतं आणि अपघात. बाई की पुरुष, तेही नाही.

ऑपरेशनचं मज काय ठाऊक, मी झोपले होते. जागी झाले तेव्हा घशात खरखर, पोटाला उजवीकडे खाली ओढ, आणि शेजारी सेल्वी नावाची नर्स. तिथल्या सगळ्या मला पाट्टी म्हणायच्या, म्हणजे आजी. सेल्वीनं पलंगाखालची लघवीची पिशवी वर उचलून उजेडात धरली, सोन्याचा दागिना दाखवावा तशी.

"पाट्टी, बघा! कावेरीला पाणी आलं!"

धरणाचं पाणी सोडल्यावर आमच्याकडे लोक नदीच्या काठाला धावत जातात, दिवे सोडतात, फुलं टाकतात. किती दिवस माझी नदी कोरडी होती. ती पिवळी पिशवी बघून मी जे हसले, टाके दुखेपर्यंत हसले. हसता हसता आठवलं की कुठल्या तरी घरात आत्ता चूल पेटलेली नसेल. मग हसू तिथंच थांबलं.

अंगातले भावजी

आता तुला जे ऐकायला हवं ते सांगते. त्या आधी माझे थोरले दीर कोण ते सांगायला हवं. आम्ही त्यांना भावजी म्हणतो. पोस्टातून निवृत्त झालेले, बायको गेलेली, आमच्याच घरी राहतात. माझे यजमान गेल्यापासून घरातले वडील तेच. ओटीवर बसून असतात. कुणी फाटक उघडलं की, "कोण? कुठले? कुणाचे? गोत्र काय?" एकदा गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी गोत्र विचारलं. तो बिचारा म्हणाला, "सर, रिकामी टाकी द्या, मी जातो."

तिरुचीच्या डॉक्टरीणबाईंनी मज समजावलं की आपल्या रक्तात राखणदार असतात. बाहेरचं जंतू-बिंतू शिरलं की ओळखतात, मारतात. म्हणून आपण जगतो. पण त्यांना चांगला पाहुणा आणि चोर यातला फरक कळत नाही. नवी किडनी दिसली की विचारणार, ही आपली नव्हे, हिच्यावर आपली खूण नाही, हाकला! म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी गोळ्या, जन्मभर. त्या राखणदारांना गुंगवून ठेवतात.

मी म्हटलं, "म्हणजे माझ्या अंगात हजारो भावजी बसले आहेत."

उमा इतकी हसली की तिला बाहेर जावं लागलं.

तेव्हापासून मी त्या किडनीला पाहुणी म्हणते. आणि गोळ्या म्हणजे भावजींना दुपारच्या झोपेचं औषध. पण राखणदार झोपले की खरा चोरही शिरतो, म्हणून बाकी सगळं सांभाळायचं. तोंडाला पट्टी. गर्दीत जायचं नाही. देवळाच्या तळ्याचं पाणी नाही, तीर्थ नाही. कुंभकोणात राहून तीर्थ नाही! उघड्यावरचं पंचामृत नाही. पंबळिमास नावाचं मोठं पपनस आमच्या परसात लागतं, तेही बंद, कारण ते गोळ्यांच्या कामात लुडबुड करतं. आणि ताकदीचे काढे मुळीच नाहीत. अर्धं गाव मला प्रतिकारशक्ती वाढवायचा काढा घेऊन आलं. मी म्हणायची, बाबांनो, मज ती वाढवायची नाही, दाबायची आहे! कुणाला पटायचं नाही. दारातून बाटल्या परत पाठवल्या म्हणून दोघी-तिघी अजून बोलत नाहीत. न बोलोत.

महालय

पाहुणी छान रमली. माझ्या तोंडाला चव आली, रसवंगीत, म्हणजे आमच्या वांग्याच्या आंबट भाजीत, आंबट कमी आहे हे मज कळू लागलं आणि उमाच्या कपाळाला आठी पडली. गोळ्यांचा पहारा उमाकडे होता. घड्याळाचा गजर वाजला की ती हातात पाणी घेऊन उभी.

मग महालय आला. तुमचा पितृपक्ष. आमच्या घरी पंधरवडाभर भावजी रोज कावेरीवर स्नान करून घरी येऊन तर्पण करतात, मडीत, म्हणजे तुमच्या सोवळ्यात, स्वयंपाक होतो, कावळ्याला पान ठेवतात, कावळा शिवला की मग घरचे जेवतात. दुपार कलते. आणि वडीलधारे त्या पंधरवड्यात एकभुक्त असतात, दिवसातून एकदाच जेवण.

मी भावजींना म्हटलं, "यंदा श्रीनूच्या हातून तिथीला एक ओंजळ जास्त सोडायची. जिनं किंवा ज्यानं मला किडनी दिली, त्याच्या नावानं."

"नाव काय?"

"ठाऊक नाही."

"गोत्र?"

"ठाऊक नाही."

"हिंदू तरी आहे का ठाऊक?"

"नाही. नसला तर त्याला तहान लागत नाही का?"

भावजींनी उपरणं झटकलं. "वैनी, घरात आलेलं नाही, गेलेलं नाही, त्याला पाणी कसं द्यायचं?"

"घरात आलेलं नाही कसं? मी घरात आहे, ती माझ्यात आहे. आणि मी तरी कुठल्या गोत्राची आले होते? तुमच्या घरातली प्रत्येक बाई परगोत्रातूनच आली. तिच्याच हातचं जेवून तुम्ही मोठे झालात."

आमच्या भटजींनी मध्ये पडून सांगितलं, गोत्र ठाऊक नसेल त्याचं काश्यप म्हणायचं, ज्यांचं कुणी नाही त्यांना द्यायची जागा महालयात असतेच. मी जिंकले. पण भावजी हरल्यासारखे दिसले तरी हरत नाहीत. जाता जाता म्हणाले, "करायचं तर नेमानं करा. परक्याचं करताना घरच्याहून कडक पाळावं लागतं. जमेल का?"

बस्स. 'जमेल का' म्हटलं की माझ्या अंगात वारं शिरतं. मी म्हटलं, "सगळा पंधरवडा एकभुक्त राहीन. तुमच्यापेक्षा चोख."

आणि नेमकी तेव्हा उमा आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चेन्नईला गेली. जाताना बजावून गेली, "गोळ्या, अत्तै." सासूला ती अत्तै म्हणते. मी म्हटलं, जा गं, मी काय बाळ आहे?

आता बघ मी काय केलं. आपल्या लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं, औषध जेवल्यावर. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं, हेही मी अनुभवलेलं. शिवाय गोळीचं ते गुळगुळीत वेष्टन कशापासून करतात, कुणास ठाऊक, ते मडीत कसं शिवायचं? मग मी सकाळची गोळी कावळा शिवेपर्यंत लांबवली. संध्याकाळी जेवणच नाही, तर संध्याकाळची गोळीही नाही. रोज. श्रीनूनं बँकेतून फोनवर विचारलं की, "हो, घेतली." घेतली होतीच की, एक! मनात म्हणायची, ज्यानं अवयव दिला त्याच्यासाठी एवढं उपाशी राहवत नाही का? मज तर पुण्य लागल्यासारखं हलकं वाटत होतं.

तिथीला श्रीनूनं काश्यप गोत्र म्हणून तिळाचं पाणी सोडलं. माझ्या डोळ्यांना धार लागली. आणि ज्याला ते पाणी दिलं त्याचीच किडनी मी आत उपाशी मारत होते. माझे राखणदार एकेक करून जागे होत होते.

ओळखलं

उमा परत आली. दारातच माझे पाय बघून म्हणाली, "अत्तै, चप्पल नवी घेतलीत का?" आणि बोलता बोलता तिचा चेहराच बदलला. माझं वजन वाढलं होतं. लघवी कमी झाली होती. पाहुणीच्या जागेवर जड वाटत होतं, कुणी आतून कोपर लावून बसल्यासारखं. उमानं गोळ्यांची पाकिटं बघितली. इतक्या गोळ्या उरायला नको होत्या. ती ओरडली नाही. नुसती पाकिटं हातात घेऊन उभी राहिली. तिनं ओरडायला हवं होतं.

तिरुचीला पोचलो. रक्त बिघडलेलं. पाठोपाठ सुई घालून पाहुणीचा कणभर तुकडा काढून तपासला. डॉक्टरीणबाई पलंगाच्या कडेला बसल्या.

"पाट्टी, तुमच्या राखणदारांनी तिला ओळखलं. तिच्यावर चालून गेले आहेत."

"वाचेल?"

"औषध देऊ. थांबेल अशी आशा आहे. नाही थांबलं तर परत मशीन."

परत मशीन. परत लोटीतलं पाणी. त्याचं मला तेवढं वाटलं नाही, मालू. मला वाटलं ते हे, की कुठल्या तरी आईनं आपलं गेलेलं लेकरू दुसऱ्याच्या पोटात जिवंत राहील म्हणून सही केली असेल. आणि मी त्या लेकराच्या श्राद्धाच्या नावाखाली त्याचा उरलेला भाग मारला, तर मी त्या बाईच्या डोळ्यांत बघू शकले असते का? ती मला कधी भेटणार नाही. तरी माझ्यासमोर उभीच होती.

नसेतून जे औषध देत होते ते फार तीव्र. तोंड पुरणाच्या पोळीसारखं फुगलं. साखर चढली. हात थरथरायचे. झोप नाही, आणि राग इतका की भिंतीला शिव्या द्यायची. सेल्वीला म्हटलं, "हे तुझं औषध की मिरचीची पूड?" ती म्हणाली, "पाट्टी, माझ्यावर ओरडा, पण पाण्याचा हिशेब द्या, किती प्यालात." ती पिशवी उचलून बघायची, आणि या खेपेला काही बोलायची नाही. तिनं काही म्हणू नये, आणि मी विचारू नये, असं आमचं ठरल्यासारखं झालं होतं.

एका सकाळी भावजी आले. कुंभकोणहून बसनं, एकटे. दारातच सेल्वीनं अडवलं. चपला बाहेर. हात धुवा. असे नाही, कोपरापर्यंत. तोंडाला पट्टी. पलंगाला शिवायचं नाही. फुलं बाहेर ठेवा. सर्दी आहे का? खोकला? घरात कुणाला ताप?

भावजी पट्टीतून म्हणाले, "ही तर आमच्याहून मडीवाली!"

मी म्हटलं, "गोत्र नाही विचारलं, नशीब समजा."

ते लांबच्या खुर्चीवर बसले. मग विचारलं, "माझ्यामुळं झालं का, वैनी?"

तुला वाटेल मी म्हटलं असेल, छे छे. मुळीच नाही. मी म्हटलं, "अर्धं तुमच्यामुळं. अर्धं माझ्या ईर्षेमुळं. आपण वाटून घेऊ, पण ती वाचली पाहिजे."

त्यांनी मान हलवली. पट्टी डोळ्यांपर्यंत ओढली. म्हाताऱ्या माणसाला रडताना बघू नये, म्हणून मी पंख्याकडे बघितलं.

त्या दिवशी मी आत बोलले. होय, रक्तातल्या राखणदारांशी. म्हटलं, अरे गाढवांनो, जन्मभर माझं अन्न खाल्लंत, माझं ऐका. ही आपली आहे. मी सांगते म्हणून आपली आहे. तुम्हाला तिच्यावर खूण दिसत नाही? मज दिसते. माझ्या तोंडात चव आहे, ही तिची खूण. हिच्या वाटेला जाल तर मी तुम्हाला गोळ्यांनी असं गुंगवीन की डोळा उघडणार नाही. हसू नकोस. कुणी तरी त्यांना दटावायला हवंच होतं.

मग आकडे उतरू लागले. एकदम नाही, जिना उतरणाऱ्या म्हातारीसारखे, एक पायरी आणि थांबा, एक पायरी आणि थांबा. पिशवी भरू लागली. सेल्वीनं ती परत उजेडात धरली, तेव्हा मज कळून चुकलं. डॉक्टरीणबाईंनी खरं तेच सांगितलं: थोडं नुकसान झालं ते झालं, पूर्वीइतकी ती नाही, पण टिकली आहे. मी म्हटलं, मी तरी कुठं पूर्वीइतकी आहे. आम्ही दोघी बरोबरीच्या.

यंदा

यंदाचा महालय गेल्या महिन्यात झाला. पहिल्याच दिवशी गजर वाजला, आणि मी स्वयंपाकघरात पाट मांडून बसले. ताटलीत दोन इडल्या, चटणी, आणि गोळ्या. भावजी ओलं धोतर नेसून कावेरीवरून परत येत होते. उंबऱ्यातच थबकले.

"महालयात? तर्पणाच्या आधी? स्वयंपाकघरात?"

"होय."

भटजी ओटीवर होते. ते घाईनं म्हणाले, "राहू द्या, राहू द्या, आजाऱ्याला नियम नसतो, सूट आहे."

मी इडली खाली ठेवली. "मज सूट नको, भटजी. मी आजारी नाही. हाच माझा नियम. तुम्ही मंत्र वेळेवर म्हणता, मी गोळी वेळेवर घेते. यातलं एक चुकलं तर पितर वर रागावतील की नाही मज ठाऊक नाही. दुसरं चुकलं तर काय होतं ते मी पाहिलं आहे." आणि भावजींकडे वळून म्हटलं, "ज्याच्यासाठी करायचं, तो माझ्या पोटात बसला आहे. आधी त्याला जेवू द्या. मग त्याला पाणी द्या."

उमा चुलीपाशी उभी राहून पदर तोंडात कोंबत होती.

भावजी परसात गेले आणि पपनसाच्या झाडाखाली ओल्या धोतरानं बसून राहिले. मी मुद्दाम हळू खाल्लं. एक एक घास. गोळ्या घेतल्या. पाणी प्याले, पोटभर. मग ते आत आले, जमिनीकडे बघितलं आणि म्हणाले, "चटणी सांडली आहे तेवढी पुसा. आणि उद्यापासून इडली मी यायच्या आधी संपवा."

"उद्याही याच वेळी खाणार. घड्याळ तुमचं नाही, तिचं आहे."

"तर मग मी उशिरा येईन," ते म्हणाले.

आणि पंधरवडाभर ते उशिरा आले. कावेरीच्या पायऱ्यांवर बसून वाट बघायचे म्हणे. याला तू काय म्हणशील, मज ठाऊक नाही. माझं मत विचारशील तर त्यांनी ऐकलं नाही. जागा दिली. अंगातल्यांकडूनही मी तेवढंच मागते. पटलं नाही तरी चालेल, हाकलू नका.

तर

तर मालू, परक्याचं नको म्हणू नकोस. ते आत आल्यावरही परकंच राहतं. तुझं अंग तुझं ऐकेल असं समजू नकोस, ते भांडेल. रोज भांडेल. तू रोज गोळी घेऊन त्याच्याशी भांड. भीती वाटेल, वाटू दे. मज अजून वाटते, रक्त द्यायला जाताना. पण तोंडाला चव असते गं. आज सकाळी कॉफीत चिकोरी जास्त पडली आहे हे मज कळलं आणि मी उमाशी भांडले. ते भांडण किती गोड, हे तुला आत्ता कळायचं नाही.

डॉक्टरांना नाही म्हणायचं असेल तर म्हण. पण आधी एकदा इकडे ये. तंजावरपर्यंत रेल्वे, पुढं श्रीनू गाडी घेऊन येईल. तुझ्या आईलाही ये म्हणावं. नमस्काराला वाकू नकोस, मिठी मारू नकोस, फुलं आणू नकोस. हात धू, कोपरापर्यंत, आणि माझ्या शेजारी बस. मी पदर बाजूला करते. इथं, उजवीकडे, खाली, कातडीच्या आत मुठीएवढं काही तरी हाताला लागतं. ते कुणाचं ते मला ठाऊक नाही. तू हात ठेवून बघ. मग काय ते ठरव.

सर्दी-खोकला असेल तर उतरल्यावर ये. नसेल तर लवकर ये.